राणीच्या जोडीला

माझे वडील तरुणपणी पुण्यात जॉकी होते. त्यांच्या राणी नावाच्या घोडीचा विक्रम कितीतरी वर्षं टिकला. काल टीव्हीवर एका नव्या घोडीला तो मोडताना पाहिलं आणि मलाच वाईट वाटलं.

"अण्णा, आताचा खुराक वेगळा, मैदान वेगळं. तुलना कशी करायची?" मी म्हणालो.

"राणीला कुठे घड्याळ कळायचं?" अण्णा हसले. "शेजारी टापा वाजल्या की ती जीव खाऊन पळायची. विक्रमाच्या दिवशी मात्र सगळे मागेच राहिले. शेवटी एकटीच धावली बिचारी. ही नवी घोडी तेव्हा जोडीला हवी होती."

टीव्हीवर तीच शर्यत पुन्हा लागली. घोडी वळणावर आली, तसे अण्णा खुर्चीत पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, "चल राणी, चल!"