नलूताईचं राहिलेलं शेवळं

नलूताई आज पहाटे गेली. झोपेतच.

आणि शेवळाचं चित्र राहिलं ते राहिलंच.

तिला पोचवून नदीवरून आत्ताच परत आलेय. घरात कुणाशी बोलावंसं वाटत नाही, म्हणून इथे लिहितेय.

जे तिला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगते. वारूळवाडीची आमची नलूताई बोटॅनिकल इलस्ट्रेटर होती. म्हणजे संशोधकांच्या पुस्तकांसाठी आपल्या सह्याद्रीतल्या झाडांची चित्रं काढायची. पान, फूल, फळ, कंद, बी, सगळं मापात. पाकळीसुद्धा कर्कटकानं मोजायची. एकेका चित्राला महिना महिना लागायचा.

पण नारायणगाव शेजारी असल्यावर काय! "आर्टिस्ट आहे" म्हटलं की लोक विचारायचे, "कुठल्या फडात?"

ती न चिडता सांगायची, "तमाशात नाही हो. मी झाडं काढते."

मी तिची मैत्रीण, घोडेगावला शाळेत विज्ञान शिकवते. मी पण तिला कमी छळलं नाही. "मोबाईलवर फोटो काढ ना बाई, कशाला डोळे फोडतेस?"

"फोटोत ते एकच झाड येतं गं. त्याचं किडकं पान पण येतं. मला त्याची अख्खी जात दाखवायचीय."

रानभाज्यांच्या पुस्तकाचं काम तिच्याकडे आलं. सगळी चित्रं झाली. शेवळं तेवढं राहिलं.

शेवळं जूनच्या तोंडावर डोंगरात उगवतं. जमिनीतून नुसता कोंब वर येतो. लोक तो मिटलेला असतानाच भाजीसाठी खुडतात. एकदा उमललं की कुणी खात नाही.

आणि नलूताईला हवं होतं उमललेलं.

म्हणून आम्ही दोघी घोडेगावहून एसटीनं वर, डोंगरातल्या एका वाडीत गेलो. मुक्काम हौसाबाईंकडे. नलूताईनं दिवसभर हिंडून एक शेवळं शोधलं, सकाळपर्यंत उमलेल असं. कंदासकट काढलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि ओसरीच्या कोपऱ्यात ठेवलं.

जेवायला बसलो. ताटात तांदळाची भाकरी.

आणि शेवळाची भाजी.

मी कोपऱ्याकडे बघितलं. नुसतं फडकं.

हौसाबाई कौतुकानं म्हणाल्या, "बाई, येवढं एकच खुडलंत! त्येच्यात काय व्हनार? मंग माज्याकडची घातली अन् केली भाजी. रानची पयली भाजी पावण्यांनी खावी."

मी तोंड उघडणार तोच नलूताईनं माझा हात दाबला. भाकरीचा तुकडा मोडला. खाल्ला.

"लई झ्याक झालीय, हौसाबाई. अजून वाढा."

परतताना एसटीत मी जाम भडकले. "बोलली का नाहीस? वर्ष गेलं ना तुझं!"

"अगं, घरच्यांच्या आधी आपल्याला वाढली त्यांनी. त्यात कसली तक्रार करायची? शेवळं काय, पुढल्या वर्षी येईल परत."

मला कुठला धीर! मी नंतर हौसाबाईंना फोन करून सांगितलंच. त्यांनी कपाळावर हात मारलेला मला इकडे ऐकू आला. "अगं माय माजी! बाईचं चित्तर मी बाईलाच खाऊ घातलं!"

तेव्हापासून हौसाबाई दर वर्षी बांधावरचं एक शेवळं राखतात. भोवती काट्या लावतात. वाडीला बजावून ठेवलंय, "ह्ये चित्रवाल्या बाईचं. हात लावायचा न्हाई."

पुढल्या वर्षी ते उमललं. जांभळट तपकिरी. आणि वास? मेलेल्या उंदराचा! नलूताई नाकाला पदर बांधून दिवसभर माश्यांत बसली. हौसाबाई लांबूनच म्हणत होत्या, "रानात येवढी फुलं, अन् बाईला ह्येच कुजकं आवडलं!"

पण तोवर नलूताईचा हात थरथरायला लागला होता.

चित्र झालं. मला विचाराल तर सुंदर झालं. तिनं ते दिलं नाही.

"ही थरथर शेवळाची नाही, माझी आहे. छापलं की ती कायमची त्याच्या नावावर जाईल."

"लोकांना काय कळतंय त्यातलं!" असं मी बोलून गेले. झालं. बाईसाहेबांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला.

यंदा डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. सकाळच्या वेळी हात ठरायला लागला. परवा तिनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. कागदावर ब्रशनं ओढलेली एक बारीक, सरळ रेघ. खाली लिहिलं होतं, "बघ."

इतकी खूश होती गं ती.

बॅग भरून दाराशी ठेवली होती. कागद, ब्रश, भिंग, छत्री. हौसाबाईंच्या निरोपाची वाट बघत होती.

तो निरोप आज आला. मी नदीवरून निघाले होते, तेव्हा.

"मास्तरीनबाई, चित्रवाल्या बाईंचा फोन कोनी उचलंना. त्यांस्नी सांगा, शेवळं उद्या उमलतंय. सकाळच्या गाडीनं या म्हनावं."

मी चालता चालता थांबले. मग सांगितलं.

हौसाबाई रडल्या. मी पण रस्त्यात उभी राहून रडले. लोक बघत होते, बघू देत.

मग त्यांनी विचारलं, "काट्या काढू का मंग?"

"नको, हौसाबाई. राहू द्या."

"राहू देते. बाईचंच हाय त्ये."

उद्या सकाळच्या एसटीनं मी जाणार आहे. मला साधा आंबासुद्धा काढता येत नाही. तिची बॅग मात्र घेऊन जाईन, आणि दिवसभर शेवळाजवळ बसेन.

नलूताई, तू जा आता निवांत. यंदा तुझं शेवळं मी बघून येते.