यशोधराबाईंची राक्षसीण

महिन्यापूर्वी भद्रावतीहून फोन आला. "मी यशोधराबाईंची मुलगी, संघमित्रा. आई परवा गेली… तिच्या वहीत तुमचं नाव होतं, म्हणून कळवते." मी आजार विचारला, वय विचारलं, करायचं तेवढं बोलणं केलं. फोन ठेवला. दुःख झालं असं लिहिलं तर ते अर्धंच खरं ठरेल. मी त्यांच्याशी जे केलं होतं ते आता कोणालाच कळणार नाही, असं वाटून मला क्षणभर सुटल्यासारखं झालं होतं. त्या क्षणाची लाज जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. जंगलातल्या एका दोनशिक्षकी शाळेत यशोधराबाई आणि मी अशा दोघी होतो. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी चंद्रपुरात वाढलेली, बापाची नोकरी, घरात पुस्तकं. त्या चिमूरकडच्या, बौद्ध शेतमजुराच्या घरातल्या. गावातली मुलं मराठी बोलत, बाहेरच्या टोल्यावरची, म्हणजे गोंड वस्तीतली, गोंडी. माझ्या वर्गात टोल्यावरच्या मुलांची टाटपट्टी वेगळी होती. त्यांना मराठी येत नाही, ती मागं पडतात, हे कारण मी स्वतःलाच देत असे. यशोधराबाईंच्या वर्गात सगळी एकत्र बसत आणि गोष्टी ऐकत. निम्मी गोष्ट झाडी बोलीत, निम्मी मुलांकडूनच शिकलेल्या तुटक गोंडीत. शब्द चुकला की टोल्यावरची मुलं खो खो हसत आणि बाईही हसत. मला ते शिक्षिकेला न शोभणारं वाटे.

सव्वीस जानेवारीला मी नाटुकलं बसवलं. राजकन्या आणि राक्षसीण. राजकन्या पाटलाची मुलगी. राक्षसीण कोण, याचा मला विचारच करावा लागला नाही. दुसरीतली मैनी, टोल्यावरची, सावळ्याहून सावळी, दात पांढरेशुभ्र. तव्याची काजळी तिच्या गालाला लावता लावता मी म्हणाले, "हिला फार लावायची गरजच नाही!" पालक हसले, सरपंच हसले. मैनीही हसली, कारण सगळेच हसत होते. दुसऱ्या दिवसापासून मुलं तिला राक्षसीण म्हणू लागली. आठवड्याभरात ती यायची थांबली, आणि तिच्यामागं टोल्यावरची आणखी तिघं.

"बाई, मैनी काऊन येऊन नाई राह्यली, मालूम आहे का तुमाले?" यशोधराबाईंनी विचारलं.

"मोह वेचायला जात असेल."

"मोह पडाले अजून महिना आहे, बाई." एवढंच बोलून त्या वर्गात गेल्या.

त्या रविवारी त्या टोल्यावर चालत गेल्या. पुढच्या रविवारी पुन्हा. तिसऱ्या सोमवारी मैनी त्यांचं बोट धरून शाळेत आली. त्या दिवशी बाईंनी फळ्याला पाठ करून गोष्ट सुरू केली. मी शेजारच्या वर्गातून ऐकत होते, मधे फक्त कुडाची भिंत होती. एका गावची पोरं राक्षसीण पाहायला जंगलात जातात. वाट चुकतात. एका म्हातारीच्या झोपडीत पोचतात, ती त्यांना आंबील देते. पोरं विचारतात, आजी, राक्षसीण कुठी राहते? म्हातारी म्हणते, मीबी तिलेच शोधून राह्यली. माह्या नातीच्या तोंडाले काळं लावून जिनं लोकाईले हसवलं, तिले…

मग कोणीतरी विचारलं, "सापडली तर म्हातारी मारन का तिले?"

"नाई. जेवू घालन म्हणते. उपाशी असल बिचारी, म्हणून असं करत असल."

माझ्या हातातला खडू मोडला. त्याच वेळी उठून त्या वर्गात जायला हवं होतं. मी गेले नाही. मला अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि तोही त्यांच्याकडून, हे जास्त झोंबलं. 'त्यांच्याकडून' या शब्दात मी काय काय भरलं होतं, ते आज उघड लिहिते: त्यांची जात, त्यांची बोली, त्यांचा रंग. त्या आठवड्यात मी शिक्षण खात्यातल्या साहेबांना पत्र लिहिलं. या शिक्षिका गणिताच्या तासाला गोष्टी सांगतात, अशुद्ध भाषा वापरतात. वाक्य एकही खोटं नव्हतं. जूनमध्ये त्यांची बदली सिरोंच्याकडं झाली, घरापासून आणखी लांब. त्या वेळी संघमित्रा दीड वर्षाची होती. बस सुटताना त्या खिडकीतून म्हणाल्या, "टोल्यावरच्या पोराईले रागावू नका, बाई. भेव वाटते त्याइले." मैनी चौथीपर्यंत शिकली. पुढं तिचं काय झालं, मी कधी विचारलं नाही.

मागच्या रविवारी भद्रावतीला गेले. चहा झाल्यावर धीर करून संघमित्राला पत्राबद्दल सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "आईला माहीत होतं. साहेबांनी दाखवलं होतं तिला."

"मग त्या मला काही बोलल्या का नाहीत?"

"पुष्कळ वर्षं राग होता तिला. नंतर म्हणायची, त्या बाई येतील एक दिवस…"

पण त्या जाईपर्यंत मी आलेच नाही.

तेवढ्यात ओसरीवर गलका झाला. कॉलनीतली दहा-बारा मुलं येऊन बसली होती. रविवारी चार वाजता यशोधराबाई त्यांना गोष्ट सांगायच्या; आजी गेली तरी मुलं येतच होती, आणि संघमित्राला त्यांना परत पाठवणं जमत नव्हतं. "तुमाले येते का गोष्ट?" एका चिमुरडीनं मला विचारलं. मी खाली बसले. राजाराणी सुचेना. मग मैनीची हकीकत सांगितली, काजळीची, हसण्याची, पत्राचीसुद्धा. त्यातली बाई मीच, हेही सांगितलं.

"मग तुम्ही मैनीले सॉरी म्हटलं का?"

"नाही."

"काऊन?"

मुलं वाट बघत राहिली. त्यांना सवय होती, या ओसरीवर विचारलं की उत्तर मिळतं.