सरासरीचा हातपंप

नाशिकच्या ज्या कचेरीत मी आकडे जमवायची नोकरी केली, तिथल्या साहेबांना रंगीत तक्त्यांचा फार सोस. पावसाचे स्तंभ, लसीकरणाची वर्तुळं, हजेरीची चढती रेघ. कॅलेंडर टांगायला भिंतीवर खिळा उरला नव्हता.

एकदा पाड्यांवरच्या पिण्याच्या पाण्याचं सर्वेक्षण निघालं. घर पाणी कुठून भरतं, एवढाच प्रश्न. उत्तरांना क्रमांक मीच दिले: विहीर एक, झरा दोन, हातपंप तीन, नळ चार. ती नुसती नावं होती, बसस्थानकावरच्या फलाटांना असतात तशी. फलाट दोन आणि चार यांची सरासरी काढून कुणी तीनवर गाडीची वाट पाहत नाही. पण आकडा दिसला की संगणकाला राहवत नाही, साहेबांनाही नाही. त्यांनी पाड्यापाड्याची सरासरी मागितली. मी मुकाट्याने काढून दिली.

हरसूलच्या पुढे एका पाड्यात खालच्या निम्म्या घरांना नळ होता, वरची निम्मी झऱ्यावर जात. चार आणि दोन, सरासरी तीन. तक्त्यात त्या पाड्यासमोर हातपंपाचं निळं चित्र आलं. वरच्या घरांनी हातपंपासाठी केलेला अर्ज परत गेला: ‘सुविधा उपलब्ध आहे.’

आठवड्याने तिथल्या अंगणवाडीच्या बाई दोन एसट्या बदलून कचेरीत आल्या.

“भाऊसाहेब, आमच्या पाड्यावर हातपंप हाय म्हणतो तुमचा कागद. कुठं हाय तेवढं सांगा. झरा आटत चाललाय, बाया हंडे घेऊन तयार हायेत.”

साहेब आतून म्हणाले, “बाई, तो सरासरीने आहे.”

“बरं,” बाई शांतपणे म्हणाल्या. “सरासरी म्हंजे वरच्या आळीत का खालच्या?”

त्या गेल्यावर मी क्रमांक पुसले आणि रकान्यात सरळ शब्द लिहिले: झरा, नळ. संगणकाने सरासरी द्यायला नकार दिला. वरून आलेल्या हुकमाला त्या कचेरीत मिळालेला तो बहुधा पहिलाच नकार. रकाना रिकामा का, असं साहेबांनी विचारलं.

“शब्दांची सरासरी निघत नाही, साहेब.”

त्याऐवजी मी दोन स्तंभ काढून दाखवले, एक वरच्या घरांचा, एक खालच्या. साहेबांनी ते बराच वेळ निरखले.

“झऱ्याला तांबडा द्या. उठून दिसेल.”

तांबडा उठून दिसला आणि अर्ज मंजूर झाला. झरा आटायच्या आत वरच्या आळीत हातपंप बसला.

पुढल्या वर्षी परिपत्रक आलं: उत्तरं आकड्यांतच भरावीत. वरच्यांना तीन, खालच्यांना चार, सरासरी साडेतीन. तक्ता ग्रामपंचायतीत लागला आणि बाईंचा फोन आला.

“भाऊसाहेब, यंदा आम्हाला अर्धा नळ दाखवलाय.”

“चुकलंय ते, बाई. दुरुस्त करतो.”

“नाय, राहू द्या. उरलेला अर्धा मागायला येतेच मी.”