हात सुटलो की येतंय

"हात सुटलो की येतंय, काका."

तिचं हे ठरलेलं वाक्य. फोन लावला की आधी हेच ऐकू यायचं. सुरुवातीला मला वाटायचं, पीठ मळत असेल, मासे साफ करत असेल. घरच्या बाईचा हात कशात ना कशात अडकलेला असतोच. मी आपला "बरं, बरं" म्हणून फोन ठेवायचो आणि मग वाट बघत चरफडायचो. वाट बघणं माझ्या स्वभावात नाही, हे डिचोलीत कुणालाही विचारा.

खाणी चालू होत्या तेव्हा माझ्या शेडमध्ये टिपरच्या बॉड्या बांधल्या जायच्या. खाणी बंद पडल्या आणि मी मिळेल ते करायला लागलो. गेटं केली, ग्रिलं केली, एकदा तर कोंबड्यांचे पिंजरे केले. अशातच एका शनिवारी ही स्कूटरवरून शेडच्या दारात उतरली. आमच्याच वाड्यावरची मुलगी, पेडण्यात दिलेली. लहानपणी माझ्या शेडवरून शाळेत जायची, म्हणून मी काका. नाव सांगत नाही, तिला आवडायचं नाही. आम्ही तिला बायच म्हणायचो.

बॅगेतून तिने तळहातावर मावेल एवढं यंत्र काढलं. वर छोटा पडदा, खाली एकच बटण.

"काका, ह्येचा मोठा मशीन करूचा असा. माणसान उभ्यान खेळूक होया."

"मी लोखंड कापतो बाय. खेळणी बनवत नाही."

"म्हणान तर इलंय. तुमचा काम मोडना नाय," ती म्हणाली. मी लगेच खुर्ची पुढे केली. स्तुतीला मी असा पटकन भुलतो, काय करणार.

खेळ होता आपल्या चतुर्थीच्या घुमट आरत्यांचा. पडद्यावर थापा सरकत येतात, रेषेवर आली की बटण दाबायचं. जमलं तर घुमट वाजतं, चुकलं तर गप्प. पणजीतली नोकरी सोडून घरी बसावं लागल्यावर तिने एकटीने हा खेळ बनवला आणि इंटरनेटवर टाकला. ज्यांनी जन्मात घुमट बघितलं नाही असे लोक तो खेळायला लागले. मग बेंगळुरूच्या एका कंपनीने विचारलं, मॉलमधल्या गेमिंग हॉलसाठी याचं उभं मशीन होईल का. झालं, तर तिला तिथे कामालाच बोलावणार होते.

"माका जावचा असा, काका," ती म्हणाली. अगदी साधं, पाणी मागावं तसं. मी मान वर करून तिच्याकडे बघितलं, कारण आमच्या वाड्यावरच्या मुली असं काही स्वतःसाठी मागत नाहीत.

मी स्वतः चतुर्थीला घुमट वाजवतो. चांगलं वाजवतो, असं मीच म्हणतो. त्यामुळे तो खेळ बघून माझं डोकं सटकलं. तुम्हाला माहीत असेल, घुमट म्हणजे दोन तोंडांचं मडकं. मोठ्या तोंडाला कातडं, त्यावर उजव्या हाताची थाप. मागचं लहान तोंड डाव्या हाताने झाकायचं, उघडायचं, तेव्हा कुठे तो आवाज घुमतो. आणि हिच्या खेळात एकच बटण, एकच अंगठा.

"डावो हात खंय गेलो गो तुझो?" मी विचारलं.

"समजा, डावो हात अडकलेलो असा," ती म्हणाली आणि हसली. मला ती थट्टा वाटली. मी काहीतरी पुटपुटलो आणि मापं घ्यायला लागलो.

मग दर शनिवारी ती यायची. म्हापसा, अस्नोडा करत, स्कूटरच्या हुकाला उंड्यांची, म्हणजे गोल पावांची, पिशवी अडकवून. नवरा मुरगावला बंदरावर कामाला, तो शनिवारी घरी यायचा, म्हणून ही शनिवारी बाहेर पडायची. शेडमध्ये आली की आधी दोन्ही हात झाडायची, खांद्यापासून. मग चक्क हात पसरून दोन गिरक्या घ्यायची. माझे वेल्डर तोंडावरची काच वर करून बघत राहायचे. दुपार कलली की मोबाइल वाजायचा, ती नुसतं "इलंय, इलंय" म्हणायची आणि हेल्मेट चढवायची. त्या वेळचा तिचा चेहरा मला बघवत नसे. कुणी काही लादलं होतं असंही नाही. नवरा भला माणूस. पण ती परत जाताना जी जायची, ती पकडून नेल्यासारखी जायची.

मशीन उभं राहिलं. सहा मिलिमीटरचा पत्रा, टिपरला घालतो तोच. ट्रक येऊन धडकला तरी हलणार नाही. माझ्या मते ते सुंदर होतं. समोर मोठा पडदा, कमरेच्या उंचीवर थाप मारायला खरं कातडं चढवलेलं गोल पॅड. मी शेजारपाजारच्या शेडमधली माणसं बोलावली. हातातल्या यंत्रावर जे गडी एकही थाप चुकत नव्हते, ते या मशीनसमोर उभे राहिले आणि एकेकाची फजिती झाली. मीही मारून बघितलं. मशीन गप्प. चाळीस वर्षं घुमट वाजवणारा मी, आणि मशीन गप्प.

कंपनीचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, पडदा उशिरा दाखवत असेल. तिने ते तपासलं, तसं नव्हतं. मी म्हणालो, पत्रा जाड झाला असेल. पातळ पत्रा लावून झाला. तेच. ती खाली लादीवर बसून राहिली.

"ह्या होवक होया काका," ती म्हणाली. "ह्या झाला नाय तर माका थयसून कोण भायर काढतलो?"

थयसून, तिथून, म्हणजे कुठून, हे मी विचारलं नाही. पुढच्या शनिवारी ती आली नाही. नवऱ्याला बोटीच्या कामावर थांबवून घेतलं होतं. "हात सुटलो की येतंय," फोनवर तेच. माझा संताप झाला. नवीन पॅड गाडीत टाकलं आणि मी स्वतःच पेडण्याला निघालो.

दार उघडंच होतं. आतल्या खोलीत खाटेवर तिची सासू होती. बारीक, पांढरी, डोळे मात्र टक्क उघडे. खाटेला लागून एक कदेल, म्हणजे आमच्याकडची खुर्ची, आणि त्यावर ही. सासूने हिचं डावं मनगट धरलेलं. उजव्या हातात ते छोटं यंत्र, आणि अंगठा चाललेला.

"कोण गो हो?" सासूने विचारलं.

"माझ्या म्हायेरचो काका, आई."

"सोडू नको मगे माका."

"नाय सोडणंय."

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. सासूचं सगळं विसरणं चालू होतं. मुलाला ती नवऱ्याच्या नावाने हाक मारायची, पण त्याचा हात अर्धा दिवस तरी चालायचा. नर्स ठेवून बघितली, तिचा हात ती घेईना, ओरडून घर डोक्यावर घ्यायची. हिचा हात असला की शांत. दिवसचे दिवस. जेवायला, न्हायला तेवढा कसाबसा सोडवून घ्यायचा. असा एक हात उरला आणि त्या एका हाताने हिने तो खेळ केला होता. मी बापडा विचारत होतो, डावा हात कुठे गेला.

"काका, तुमचो हात जरा हंय ठेवा. मी च्या करतंय," ती म्हणाली, आणि मला काही कळायच्या आत माझं मनगट म्हातारीच्या हातात होतं. ही आत गेली.

म्हातारीची पकड काय सांगू. मी आयुष्यभर नट-बोल्ट पिळलेत, पण ती पकड वेगळी. ओढली तर हाडं मोडतील अशी बारीक बोटं, म्हणून ओढताही येईना. चहा येईना. माझं नाक खाजायला लागलं. खिडकीतून मागचं परसू दिसत होतं, तिथे बघतो तर ही माडाखाली उभी. चूल नाही, चहा नाही. नुसती उभी, दोन्ही हात बाजूला लोंबत सोडलेले. मी हाक मारणार होतो. नाही मारली. उभी राहू दे म्हटलं.

आणि तेवढ्यात माझ्या मनगटावर काहीतरी वाजलं. म्हातारीचा अंगठा. ठेका होता तो, आरतीचा, अगदी पक्का. तोंडाने काही नाही, नजर आढ्याला, आणि अंगठा थापेच्या किंचित आधी दाबत होता. चल, आता मार, असं सांगितल्यासारखा. त्या घरात एके काळी घुमटांची जोडी होती, हे बायने मागाहून सांगितलं. पुरुष बाहेर वाजवायचे आणि म्हातारीने आयुष्यभर चुलीपाशी बसून गुडघ्यावर ठेका धरला. घुमटाला हात लावायला कुणी सांगितलं नाही. नावं गेली, माणसं गेली, ठेका तेवढा राहिला होता. तो ती सुनेच्या मनगटावर वाजवायची.

छोट्या यंत्रात तेच होतं, तिने नकळत सवयीने घातलेलं. मोबाइल थरथरतो तसं ते प्रत्येक थापेआधी तळहातात हलकंसं थरथरायचं. खेळणाऱ्याला कळायचंही नाही, पण हाताला कळायचं. माझ्या लोखंडी मशीनमध्ये ते कुठून येणार?

चहा आला तेव्हा मी म्हणालो, "बाय, पत्र्यात काय नाय. धरूक दांडो होयो."

तिने आधी माझ्या मनगटाकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले. सासूच्या हातात पुन्हा आपला हात दिला आणि चहाची बशी मला उजव्या हाताने पुढे केली.

ट्रकच्या केबिनमध्ये चढताना धरायला दांडा असतो, तसला पोकळ पाइप मी मशीनच्या डाव्या बाजूला बसवला. आत थरथरणारी मोटर. जाडी मनगटाएवढी, हे तिने सांगितलं. इंजिनिअर कुरकुरला की लोकांना दोन्ही हात मोकळे लागतात. "लोक धरतले," ती म्हणाली. वेल्डरने दांडा धरला, थाप मारली, आणि पहिल्या फटक्यात घुमट वाजलं. शेडभर घुमलं. मी तोंड फिरवून ग्राइंडर शोधायला लागलो, डोळ्यात काहीतरी गेलं होतं म्हणा.

कंपनीने पणजीतल्या मॉलमध्ये दुसरं मशीन लावलं त्या दिवशी ती यायची होती. मुद्दाम शनिवार धरला होता. नवरा घरी, ही साडी नेसून तयार, स्कूटरची चावी हातात. मग फोन आला. "काका, हात सुटना." ओढून घेऊन निघायला तिला काही कुणी बंदी केली नव्हती. पण म्हातारीची ती बोटं मी बघितली होती.

मी एकटाच गेलो आणि व्हिडिओ कॉल लावला. रांगेतली माणसं एकेक करून मशीनपुढे उभी राहत होती. कुणाला काही सांगावं लागत नव्हतं, डावा हात आपोआप दांड्याकडे जात होता. "धरतत मां?" तिने विचारलं. "धरतत," मी म्हणालो. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिकडून चित्र हललं आणि मला फक्त घराची कौलं दिसायला लागली. मोबाइल खाली ठेवला असावा. हात तर एकच होता.

कंपनी विचारत राहिली. ती तेच उत्तर देत राहिली. खोटं बोलत नव्हती बिचारी, पण हात सुटणं म्हणजे काय, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. अशी वाट बघणं किती वाईट. मनात आलं तरी स्वतःची लाज वाटावी, आणि मनात तर येणारच.

पावसाळा सरता सरता म्हातारी गेली. मी भेटायला गेलो. खाट काढून ठेवली होती, कदेल तिथेच होती आणि ही त्यावर बसलेली. स्वतःच्या उजव्या हाताने स्वतःचं डावं मनगट धरलेलं.

"हात सुटलो, काका," ती म्हणाली. "आता खंय येव?"

मी तोंडाळ माणूस, पण त्या दिवशी नुसता बसून आलो.

बेंगळुरूला जायच्या आधीच्या शनिवारी ती शेडवर आली. हात झाडले नाहीत, गिरकी घेतली नाही. कोपऱ्यात आमचं पहिलं मशीन उभं होतं, म्हातारी गेल्यापासून मी ते बंद ठेवलेलं.

"लावा, काका."

"आरती आहे गो ती. चालेल?"

"सुतक सरला."

मी लावलं. तिने डाव्या हाताने दांडा धरला. उजवा हात उचललाच नाही. पडद्यावर थापा येत होत्या, जात होत्या, घुमट गप्प. वेल्डर काम थांबवून उभे. ती डोळे मिटून मनगटाएवढ्या त्या पाइपला धरून उभी होती आणि तिचा अंगठा दांड्यावर हळूहळू दाबत होता. आता तीच ठेका देत होती.

मग आरती मध्यावर असतानाच तिने एकेक बोट उचललं. आधी करंगळी, शेवटी अंगठा. कुणी सोडवलं नाही, तिनेच सोडलं.

"येतंय, काका," ती म्हणाली. पाया पडली, हेल्मेट चढवलं आणि स्कूटर वळणाआड गेली. मी दारातच उभा होतो. मशीन बंद करायचं राहून गेलं. आत आलो तेव्हा आरती चालूच होती आणि दांडा एकटाच थरथरत होता.