एका टक्क्याचं घर

जानराव निमकरांनी उभ्या आयुष्यात एकाच गोष्टीचा मनापासून द्वेष केला. ती गोष्ट म्हणजे कर. माणसं सापाला भितात, सावकाराला भितात, बायकोच्या भावाला भितात. जानराव कशाला भीत असतील, तर तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या ओळीला.

त्यांच्या तरुणपणी अकोल्यात जत्रेच्या मैदानावर तंबू ठोकून गाण्या-नकलांचे खेळ व्हायचे. काय ती मंडळी आणि काय तो थाट! पेटीवर दमेकरी मास्तर, तोंडाला पांढरा रंग फासलेला सोंगाड्या, आणि पडदा ओढणारा तोच पुढच्या प्रवेशात राजा. तिकिटावर दोन आकडे असत. वर खेळाचा दर, खाली करमणूक कर. जानराव खिडकीशी गेले आणि त्यांनी फक्त वरच्या आकड्याएवढे पैसे पुढे केले.

"अन् खालचे?" तिकीटवाल्यानं विचारलं. बिचारा अर्ध्या मिशा चिकटवूनच खिडकीत बसला होता.

"करमनूक झाली तं निघताना देतो."

"भाऊ, मंग सरकारले मी काय सांगू?"

"सांगा, हा मानूस हसलाच नाई."

मागच्या रांगेनं आरडाओरडा केला, तेव्हा कुठे जानरावांनी खालचे पैसे टाकले. पण मग सूड उगवला. सगळा तंबू हसून लोळत होता आणि हा गडी दात आवळून बसला होता. सोंगाड्यानं त्यांना हेरलं, जवळ येऊन उड्या मारल्या, चुलत्याच्या तेराव्याची नक्कल केली. जानराव ढिम्म. कर भरून न हसलेला सबंध तंबूत तो एकच प्रेक्षक निघाला, आणि घरी जाताना आपणच सरकारला फसवलं अशी त्याची समजूत होती.

पुढे त्यांना कापसाच्या एका जिनिंगच्या कचेरीत कारकुनी मिळाली आणि पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. "मी कुठं व्यवसाय करून राहिलो? मी तं नोकरी करतो!" असं ते दर महिन्याला, दर महिन्याला पहिल्यांदाच कळल्यासारखं ओरडत. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. वर्षातला सगळ्यात खुरटा महिना आणि त्याच महिन्यात कापणी जास्त, हे त्यांच्या काळजाला जे लागलं ते लागलंच. फेब्रुवारीत ते कोणाशी नीट बोलत नसत.

दारू त्यांनी कधी शिवली नाही. गावात त्यावरून त्यांचं नाव झालं, कीर्तनात उदाहरण म्हणून निघालं. खरं कारण निराळं होतं. "बाटलीतली आर्दी सरकार पेते," ते म्हणत, "मंग मी काहून झोकांड्या खाऊ?" पेट्रोलवर राज्याचा कर आहे, म्हणून उतार आला की मोटारसायकलचं इंजिन बंद. विजेच्या बिलावर वीज शुल्क आहे, म्हणून पाहुणे उठायच्या आत पंखा बंद. उन्हाळ्यात घाम पुसत बसलेल्या व्याह्यांना ते समजावून सांगत की वाऱ्यावरही सरकारचा हात आहे.

आणि हाच माणूस चौकात उभा राहून सगळ्यांत मोठ्यानं बोलायचा. रस्त्याले खड्डे काहून? दवाखान्यात औषध काहून नाई? यष्टी टाइमावर काहून येत नाई? सरकारनं हे सगळं कशातून करायचं, असं कोणी विचारलं तर जानराव त्याच्याकडे अशा नजरेनं बघत, जशा नजरेनं त्या तिकीटवाल्याकडे बघितलं होतं.

या संसारात दुसरं पात्र होतं मनकर्णाबाई. हिवरखेडची मुलगी. तिला कोणतं बिल किती आलं ते कधी कळलं नाही, पण बिल आलं हे दर वेळी कळलं, कारण त्यानंतर जानरावांचा ठरलेला संवाद यायचा, "निघ माह्या घरातून!" भाड्याचं घर असतानाही हेच. मनकर्णाबाई दोन लुगडी एका पिशवीत भरायच्या आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. जानराव शांत झाले की आतून हाक यायची, "चहा मांड वं." पिशवी पुन्हा खुंटीला. पस्तीस वर्षं हा प्रयोग चालला. ती पिशवी कायम भरलेली असायची, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध नको.

निवृत्त झाल्यावर जानरावांनी अमरावतीत बडनेऱ्याच्या बाजूला दोन खोल्यांचं तयार घर घ्यायचं ठरवलं. जन्माची कमाई त्यात जाणार होती, त्याचं दुःख नव्हतं. दुःख मुद्रांक शुल्काचं होतं. घराच्या किमतीवर टक्क्यांनी पैसे, आणि ते पैसे विकणाऱ्यालाही नाहीत! चार दिवस त्यांना जेवण गेलं नाही. मग दस्त लिहिणारा उजैर त्यांना म्हणाला, "काका, काकूच्या नावानं घ्या ना. बाईच्या नावानं खरेदी असली तं शुल्क एक टक्का कमी."

जानरावांचे डोळे लकाकले. "आमच्या दोघाच्या नावानं घेऊ."

"तसं नाही चालत. एकट्या बाईचंच नाव पाहिजे. तुमचं जोडलं की सूट गेली."

"मंग माहं नाव काढून टाक!"

एवढ्या आनंदात स्वतःचं नाव खोडायला सांगणारा माणूस उजैरनं त्याच्या सबंध धंद्यात पाहिला नव्हता. मनकर्णाबाईंनी नोंदणी कार्यालयात अंगठा टेकवला, फोटो काढला. घरी येऊन जानरावांनी शेजारपाजारी बोलावून सांगितलं, सरकारचा एक टक्का कसा मारला ते. "सूट बायायले असते," ते टाळी देत म्हणाले, "अन् बाई आपल्या घरची असते!" त्या आनंदात त्यांनी पंखा पाच मिनिटं जास्त चालू ठेवला.

मग एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. जानरावांचं वय अजून ज्येष्ठांच्या सवलतीला पोचलं नव्हतं, म्हणून बाहेरगावची सगळी कामं मनकर्णाबाईंकडे आली. अकोल्याला पेन्शनचा कागद द्यायला मनकर्णाबाई. वरुडहून संत्री आणायला मनकर्णाबाई. नांदगाव खंडेश्वरला सोयरिकीत तोंड दाखवायला मनकर्णाबाई. "मी गेलो तं पूर्न तिकीट लागते," एवढंच जानराव म्हणत. ज्या बाईनं पस्तीस वर्षं ओट्यापलीकडचं जग पाहिलं नव्हतं, ती आता कंडक्टरला नावानं ओळखू लागली.

त्या बसमध्ये तिला पार्वताबाई भेटली. वरुडच्या संत्र्यांच्या पॅकिंगवर जाणारी बाई, तोंडानं फटकळ. बोलता बोलता पिशवीची गोष्ट निघाली.

"घर कोनाच्या नावावर हाये?" पार्वताबाईनं विचारलं.

"माह्या. एक टक्का वाचते म्हनून केलं ह्यायनं."

पार्वताबाई इतकी हसली की पुढच्या सीटवरची माणसं वळून बघू लागली. "अवं बाई, मंग तू घरमालकीन होऊन ओट्यावर काहून बसतं?"

मनकर्णाबाई उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

वैशाखात विजेचं बिल आलं. शुल्काची ओळ पाहून जानरावांचा आवाज चढला. पंखा कोनं चालू ठेवला, कशाले ठेवला, आणि शेवटी तेच, "निघ माह्या घरातून!"

मनकर्णाबाईंनी खुंटीवरची पिशवी काढली. लुगडी बाहेर काढून घडीवर घडी ठेवली. मग तारेवरचा जानरावांचा पायजमा आणि सदरा ओढला, पिशवीत घातला आणि पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली.

"कोनाच्या घरातून?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, हातवारे नाहीत. मुरलेला नटही असा थांबला नसता.

जानरावांनी त्या दिवशी प्रथमच स्वतःहून पंखा लावला.

दुसऱ्या दिवशी ते उजैरकडे धावले. घर परत आपल्या नावावर झालंच पाहिजे. वाट्टेल ते करा. उजैर म्हणाला, "काकू तुमाले दानपत्र करून देऊ शकतात. घरातल्या घरात आहे, मुद्रांक फक्त दोनशे."

"वा रे पठ्ठ्या!"

"पन वरून इथला स्थानिक कर लागते. एक टक्का."

जानराव खुर्चीत बसले. जो एक टक्का वाचवला म्हणून टाळ्या दिल्या, तोच एक टक्का दाराशी उभा होता, तोही तीन वर्षांत वाढलेल्या किमतीवर. त्यांनी उजैरला विचारलं, की काही सूट? उजैर म्हणाला, नाही. त्यांनी पैसे भरले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी भांडण न करता कर भरला होता.

मनकर्णाबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं, "एक सही राहिली हाये, चाल." त्या निमूट निघाल्या. कार्यालयात अधिकारी बाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. समोरचा कागद वर-खाली पाहून त्या म्हणाल्या, "मावशी, हे दानपत्र आहे. तुमचं घर तुम्ही यांना देत आहात. वाचून दाखवलं का कोणी?"

"सारं सांगतलं तिले," जानराव मध्येच बोलले.

"मी त्यांना विचारतेय. मावशी, खुशीनं देताय ना? कोणाचा दबाव?"

जानराव बायकोकडे बघत होते. तंबूतल्या त्या सोंगाड्यानं त्यांच्याकडे पाहिलं असेल तसंच. काहीही कर, पण एकदा हास.

"दबाव नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. जानरावांनी श्वास सोडला. "पन खुशी बी नाई. मले द्याचंच नाई."

"अवं, पैसे भरले न मी!" जानराव कळवळले.

"मंग मले इचारून भराचे होते."

अधिकारी बाईंनी कागद बाजूला सारला आणि पुढचं नाव पुकारलं. भरलेले पैसे परत मिळतील का, हे जानरावांनी दारातून ओरडून विचारलं. अर्ज करा, म्हणालं कोणीतरी, थोडी कपात होते.

घरी आल्यावर मनकर्णाबाईंनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. जानराव ओट्यावरच बसले, जशा पस्तीस वर्षं त्या बसत आल्या होत्या. दगड चांगलाच तापला होता. इतका तापतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. या माणसाला हसायला हवं, पण त्या क्षणी कोणालाही हसू आलं नसतं. सगळं आयुष्य फसवलं जाऊ नये म्हणून जागत बसलेला म्हातारा, आणि जगात एकाही माणसाला त्याला फसवायचं नव्हतं.

"येऊ का आत?" त्यांनी विचारलं.

"या. कोन नाई म्हनते? पन या घराले कर हाये."

"कित्ती?" तोंडातून आपोआप निघालं.

"रोजचा चहा तुमी कराचा. अन् 'निघ' हा शब्द पुन्हा आयकू येऊ नये. फेब्रुवारीत चहा दोन येळा."

जानराव उठले. उंबऱ्याशी जन्माची सवय आडवी आली. "काही सूट?"

"सूट बायायले असते," मनकर्णाबाई पंखा लावत म्हणाल्या. "तुमीच तं सांगतलं होतं."

जानराव स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ डबे आपटल्याचे आवाज आले आणि मग हाक आली, "अवं, साखर कुठं ठेवतं तू?" साखरेवर कर किती, ते त्यांना तोंडपाठ होतं. डबा कोणता, ते त्यांना माहीत नव्हतं.