एकतीस हिरवे ठिपके

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीत आहे. ब्रेकचे पार्ट तपासते. लाइनवरच्या माणसाने तासातासाला एक पार्ट उचलायचा, त्याचं माप घ्यायचं आणि चेकशीटवर लिहायचं, अशी पद्धत. त्या कागदांवर नजर ठेवायची हे माझं काम. दिवसभर एकच माप लिहिलेलं दिसलं की मी ओळखते, ह्या पठ्ठ्याने मोजलेलंच नाही. चहाच्या सुट्टीत बसून एका दमात सगळे रकाने भरलेत. खरं माप थोडं तरी हलतंच. अशा कितीजणांना मी पकडलंय, चारचौघांत बोललेही आहे. लाइनवर मला फटकळ म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही.

हे सांगायचं कारण, घरात मात्र मी ठार आंधळी निघाले.

धाकटी बहीण डिप्लोमा करून मराठवाड्यातून माझ्याकडे, चाकणजवळच्या निघोज्याला आली. एक खोली, दोघी जणी. तिला शेजारच्याच कंपनीत असेंब्लीला काम लागलं. पहिल्या आठवड्यात तिने चेकशीटवर इमानदारीत ‘नॉट ओके’ लिहिलं, लाइन थांबली आणि सुपरवायझरने तिला सगळ्यांसमोर झापलं. रडतच घरी आली. मी भाजी चिरत होते. म्हटलं, “एवढं काय मनाला लावून घेतीस? ओके मार आणि पुढं हो.” जे दुसऱ्याने केलं तर मी खपवून घेत नाही, ते मी सख्ख्या बहिणीला शिकवलं. तिची नोकरी टिकावी, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

सहा-सात महिन्यांनी ती बदलायला लागली. आधी कॅन्टीनचं जेवण सोडलं. म्हणे, वाढणारे माझ्याच ताटाकडे बघून कुजबुजतात. मग बसमध्ये मागच्या सीटवरचे तिच्याबद्दल बोलायला लागले. “मागचे सगळे झोपलेले असतात गं,” मी म्हणायची. त्यावर ती अशी बघायची, जणू मीही त्यांच्यातलीच. खोलीत एकटी असली की हळू आवाजात कुणाला तरी उत्तरं द्यायची. मला भीती वाटायची. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “कुणाजवळ बोलू नकोस. स्थळं बघायलेत तिला.”

शेवटी आमच्या कंपनीच्या मेडिकल रूममधल्या सिस्टरांजवळ मन मोकळं केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरला दाखवायला सांगितलं. ती येणार नाही, हे मला ठाऊक होतं. तेव्हा त्यांनी मोबाईलमधलं एक ॲप दाखवलं. रोज मराठीत पाच प्रश्न. झोप लागली का, लोक आपल्यावर नजर ठेवतात असं वाटलं का, जवळ कोणी नसताना आवाज ऐकू आले का. ठीक असेल तर हिरवं दाबायचं, थोडा त्रास असेल तर पिवळं, फार असेल तर लाल. लाल दाबलं की खाली एक बटण येतं. ते दाबलं की समुपदेशक स्वतः फोन करतात. “डॉक्टरपुढे तोंड न उघडणारी पोरं मोबाईलला सांगतात कधीकधी,” सिस्टर म्हणाल्या.

बहीण लगेच तयार झाली. तिथेच मला शंका यायला हवी होती. कंपनीत मोबाईल गेटवर जमा करावा लागतो, म्हणून ती सकाळी बसमध्येच उत्तरं भरायची. सुट्टीच्या दिवशी मला दाखवायची. ओळीने हिरवे ठिपके, दिवसाला एक. मी आईला कळवलं, पोरगी सुधारायलीय.

एका गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, तिने बुधवारपर्यंतचे एकतीस ठिपके दाखवले. समोर बसलेल्या बहिणीचा ड्रेस अंगावर लोंबत होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. आदल्या दोन रात्री ती भिंतीला टेकून बसलेली मी स्वतः पाहिली होती. आणि झोपेच्या प्रश्नाला हिरवं. एकतीस दिवस एकच माप! कामावर असा कागद मी एका नजरेत बाद केला असता. इथे महिनाभर बघत राहिले, कारण मला हिरवंच बघायचं होतं. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

ओरडणार होते, शब्द तोंडावर आलेही होते. पण ते गिळले आणि तिला घेऊन बाहेर जिन्यावर बसले. विचारलं, “लाल का दाबत नाहीस?”

ती रस्त्यावरची कांद्याच्या ट्रकांची रांग बघत राहिली. मग म्हणाली, “लाल पार्टचं काय करतेत, अक्का?”

नापास पार्टला आम्ही लाल रंगाचा पट्टा ओढतो आणि लाल पेटीत टाकतो. पेटीला कुलूप असतं. तिथून माल थेट भंगारात जातो. मी ह्या हातांनी हजारो पार्ट त्या पेटीत टाकलेत.

“तू पार्ट नाहीस,” मी म्हटलं. माझं मलाच ते फुसकं वाटलं. म्हणून मोबाईल हातात घेतला. “आजचे प्रश्न मी वाचते. तू खरं सांग. मी मधे बोलणार नाही.”

झोप? नाही. लोक नजर ठेवतात? हो. जवळ कोणी नसताना आवाज येतात?

“एकच येतो.”

“कुणाचा?”

“तुझा.” ती माझ्याकडे न बघताच म्हणाली. “ओके मार, पुढं हो म्हणतो. दिवसभर. मशीन बंद झाली तरी.”

तिच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही. डोळे पुसत म्हटलं, “माझाच आवाज असेल तर आता माझं ऐक. ओके मारू नकोस.”

तिने अंगठ्याने लाल दाबलं. मग खालचं बटण. फोन वाजेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो आणि वाजल्यावर तो तिने स्वतः उचलला.

त्याच आठवड्यात डॉक्टरकडे गेलो. वेळेत आलात, असं ते म्हणाले. हा आजार आहे, कुणाच्या बोलण्याने होत नाही. जवळच्या कुणाचाही आवाज तो उचलतो, हेही त्यांनी मला समजावलं. मी मान हलवली. पूर्ण पटलंय असं आजही म्हणवत नाही.

औषधं चालू आहेत. थोड्या दिवसांच्या रजेनंतर ती पुन्हा कामाला जाते, पुन्हा कॅन्टीनमध्ये जेवते. बसमध्ये अजूनही पाच उत्तरं भरते. बहुतेक पिवळी, मधे एखादं हिरवं, एखादं लाल. ती वरखाली होणारी ओळ बघून मला हायसं वाटतं.

परवा भीतभीतच विचारलं, “अजून येतो का गं माझा आवाज?”

“येतो कधीकधी,” ती पोळी लाटता लाटता म्हणाली. “पण तू समोर असलीस की कळतंय, तो तू नाहीस.”