आधी लागलेलं नाव

लातूरच्या सरांनी मला फसवलं. तोंडी ठरलेला शब्द मोडला, माझं सहा वर्षांचं काम स्वतःचं म्हणून सांगितलं आणि दोन शहाण्या माणसांसमोर ते पटवूनही दिलं. त्यासाठी त्यांनी वापरली ती माझीच एक हुशारी. मला झोंबतं ते हेच.

सर म्हणजे लातुरातल्या एका मोठ्या शिकवणीचे मालक. देवणीपासून उमरीपर्यंतची मुलं डॉक्टर व्हायचं म्हणून लातुरात खोल्या करून राहतात. त्यांची रविवारी चाचणी होते आणि सोमवारी सकाळी भिंतीवर गुणवत्ता यादी लागते. यादीसमोर आई-बाप बोटं फिरवत उभे असतात. ती यादी काढणारा प्रोग्राम मी लिहिला, रुबी नावाच्या भाषेत.

चाचणीचा साचा दर आठवड्याला बदलायचा. कधी नुसतं जीवशास्त्र, कधी सगळा अभ्यासक्रम, कधी चुकीच्या उत्तराला गुण कापायचे, कधी माफ करायचे. सरांच्या मनात येईल तसं. दर वेळी नवा प्रोग्राम लिहीत बसण्यापेक्षा मी अशी सोय केली, की साच्याचं वर्णन वाचून प्रोग्रामनेच चालता चालता त्याचा क्लास तयार करावा. इथे क्लास म्हणजे प्रोग्राममधला साचा. मुलांच्या क्लासला मी शिकवणीच म्हणणार आहे.

असा चालता चालता केलेला क्लास रुबीत निनावी जन्मतो. छापायला गेलं तर नावाच्या जागी एक लांबलचक आकडा येतो, मशीनच्या आतल्या जागेचा. मग कुणीतरी त्याला इंग्रजी मोठ्या अक्षराने सुरू होणारं एक नाव जोडतं, आणि ते नाव त्याला कायमचं चिकटतं. नंतर आणखी दहा नावं जोडता येतात, त्या नावांनी तो हाकेला ओही देतो. पण तुझं नाव काय असं विचारलं की पहिलंच सांगतो. असे क्लास ज्या पेटीत ठेवतात त्या मॉड्यूलचंही तसंच असतं.

मी माझ्या एकाही क्लासला नाव दिलं नव्हतं. ते विसरून राहिलं नव्हतं, मी ठरवून तसं केलं होतं. बिननावाचा माल कुणालाही देता येतो, एवढा साधा हिशेब होता.

असे हिशेब मी पत्र्याच्या शेडमध्ये शिकले. भूकंपात आमचं गाव गेलं तेव्हा मी सहावीत होते. शेडच्या रांगांमध्ये मदतीचे ट्रक यायचे आणि सगळ्यांना एकच वस्तू देऊन जायचे. आमच्या रांगेत घरटी पाच-पाच स्वेटर आले आणि भाजी करायला कढई एकाही घरात नव्हती. मी स्वेटरांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन मागच्या रांगेत गेले आणि एका बाईशी तासभर भांडून कढई आणि झारा घेऊन आले. आपल्याला नको असलेलं द्यायचं आणि हवं ते घ्यायचं. त्यानंतर नांदेडला शिकले, नोकरी धरली, सोडली, स्वतःचं काम उभं केलं, ते सगळं याच रीतीने.

सरांच्या केबिनमध्येही मी तेच केलं.

"ताई, खालपासून वरपर्यंत आमचंच नाव पाहिजे," सर म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं दिसायला नको."

"घ्या की सर. मी आत कुणाचंच नाव ठेवलेलं नाही. तुमची एक फाइल देते, तीत तुमची पेटी, तुमची नावं. पण नांदेडात मी हाच प्रोग्राम देणार. तिथं त्यांची पेटी, त्यांची नावं."

"नांदेडात द्या, नाहीतर नायगावात द्या. आम्हाला काय त्याचं!"

"शब्द?"

"आता काय बॉन्डवर लिहून देऊ? चहा घ्या."

मी चहा घेतला. जिन्यावरून उतरताना मी मनात हसत होते. मला नको असलेलं नाव त्यांना दिलं होतं आणि नांदेड मिळवलं होतं. कागद केला नाही, कारण कागद मागितला की माणूस पुन्हा विचार करतो. शिवाय सगळं काम मी सरांच्या ऑफिसात, त्यांच्याच मशीनवर बसून केलं. जुन्या आवृत्त्या, म्हणजे काम माझं असल्याचा पुरावा, तिथेच राहिल्या. घासाघीस करणाऱ्या बाईने असं करावं, याची मला आजही लाज वाटते.

नांदेडची शिकवणी एका जुन्या कापडवाल्या मुस्लिम घराची. खाली दुकान, वर शिकवणी. मालक गोड बोलणारे, मला बाजी, म्हणजे ताई, म्हणायचे. त्यांचं काम मी लातूरच्या कामासोबत एकाच सर्व्हरवर चालवलं. एकच साचा दोघांसाठी दोनदा कशाला करायचा, म्हणून एकदा तयार झालेला क्लास प्रोग्राम जपून ठेवायचा आणि दुसऱ्याने मागितला की तोच द्यायचा. लातूरची फाइल आधी उघडायची, नांदेडची नंतर. यादीच्या तळाला मी बारीक अक्षरांत त्या क्लासचं नाव छापायची, म्हणजे तक्रार आली तर कोणता साचा वापरला ते कळावं.

एका सोमवारी फोन आला. "बाजी, आमच्या भिंतीवर लातूरवाल्यांचं नाव कसं काय? पालक फोटो काढून राहिले!"

मला काय झालं ते फोन ठेवायच्या आत कळलं. त्या आठवड्यात दोन्हीकडे एकच साचा होता. क्लासला आधी लातूरचं नाव लागलं, नांदेडचं नंतर. त्याने तळाला पहिलं सांगितलं. दुपारपर्यंत मी दोघांचे क्लास वेगळे केले, पण फोटो तोवर लातूरला पोचला होता. सरांनी नांदेडच्या मालकांना फोन केला. "तुमच्याकडं आमचा माल चोरून चालवला जातोय. तुमची चूक नाही, त्या बाईंची आहे."

नांदेडच्या मालकांनीच बैठक बोलावली, माझ्या जुन्या प्राध्यापकांच्या घरी. दोन्ही मालकांना त्यांच्याबद्दल आदर होता आणि मला त्यांनी हातात खडू देऊन शिकवलं होतं. मला वाटलं, आता निकाल लागतो. दुपारची वेळ. टीपॉयवर माझा लॅपटॉप, भोवती आम्ही चौघं.

सर अगदी शांत होते. "मला प्रोग्रामिंग कळत नाही. मी एकच म्हणतो, त्याला विचारा तुझं नाव काय."

मी विचारलं. पडद्यावर त्यांच्या शिकवणीचं नाव आलं.

"हे यांच्या फाइलीमुळं," मी प्राध्यापकांना म्हणाले. "हे बघा सर, मी माझं नाव जोडते." जोडलं. पुन्हा विचारलं. पुन्हा त्यांचंच नाव.

"अगं, तू केलेला आहे तर तुझं नाव का घेत नाही?" प्राध्यापकांनी विचारलं.

"कारण तो आधी लागलेलंच नाव सांगतो सर! कुणी केला त्याच्याशी त्याचा संबंध नाही."

मग मी त्यांची फाइल बाजूला काढली आणि तोच क्लास नव्याने केला. नावाच्या जागी लांबलचक आकडा आला. नांदेडचे मालक वाकून बघत होते. "म्हणजे हा कुणाचाच नाही?" ते हळूच म्हणाले.

"आता माझी फाइल आधी लावून दाखवू? माझं नाव सांगेल."

"तसं तर मीही लावीन, हे प्राध्यापक साहेबही लावतील," सर म्हणाले आणि हसले.

"तेच म्हणतेय ना मी! नाव आल्यानं काहीच सिद्ध होत नाही. माझंही नाही आणि तुमचंही नाही!" मी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की कप कलंडला आणि चहा सरांच्या पॅंटवर गेला.

"बस खाली," प्राध्यापक म्हणाले. "राग अजून तसाच आहे तुझा."

सरांनी पॅंट पुसली आणि पिशवीतून जुन्या याद्यांचा गठ्ठा काढला. प्रत्येक पानाच्या तळाला त्यांचं नाव. मीच छापलेलं. प्राध्यापकांनी पानं उलटली, चष्मा काढला आणि म्हणाले, "जे दिसतंय ते हे आहे, बाळ." त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल कीव होती. चिडले असते तर मी भांडले असते.

जिन्यात नांदेडचे मालक थांबले. "बाजी, तुम्ही खोटं बोलता असं मी नाही म्हणत. पण पालकांना काय दाखवू, सांगा." माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. पुढच्या सोमवारी त्यांची यादी दुसऱ्याच कुणाच्या प्रोग्रामने काढली. नांदेड गेलं, आणि त्याच्यासोबत हे काम माझं आहे असं म्हणण्याची जागाही गेली.

मी आईकडे गेले. ती अजून आमच्या पुन्हा वसवलेल्या गावातच राहते. तिला क्लास आणि पेटी समजावत बसले नाही, एवढंच सांगितलं की केलं मी, पण नाव त्यांचं लागलं.

"मंग तू आधी का न्हाई लावलं?"

"मुद्दामच नाही लावलं."

ती शेंगा फोडत राहिली. आम्हाला दोघींना एकच आठवलं होतं, हे मला तिच्या हातांवरून कळलं.

भूकंपात माझा धाकटा भाऊ गेला. काही दिवसांचा होता. मामा यायचा होता म्हणून बारसं लांबलं होतं. नंतर ताडपत्रीखाली एक कारकून याद्या करत बसला होता, त्याच्यासमोर आम्ही उभ्या राहिलो.

"नाव?"

"बारसं न्हाई झालं, साहेब," आई म्हणाली.

"काहीतरी सांगा बाई. रकाना भरावा लागतो."

आई बोललीच नाही. घरात त्याला आम्ही एका नावाने हाक मारायचो, ते माझ्या तोंडावर आलं होतं. पण मोठ्या माणसांत बोलायचं नाही असं शिकवलेलं. मी गप्प बसले. कारकुनाने लिहिलं, निनावी.

माझ्या प्रोग्राममध्ये एक नियम आहे. यादीत एकाही मुलाचं नाव रिकामं असलं तर यादी छापलीच जात नाही. नावाच्या जागी हजेरी क्रमांक घालून पुढे जात नाही, थांबते. सर यावरून कितीदा वैतागले असतील. "ताई, एका पोरापायी सगळ्यांची यादी अडवून ठेवता!" मी म्हणायची, नाव शोधून आणा. कारण त्यांना कधी सांगितलं नाही.

पुढे रुबीची नवी आवृत्ती आली. तीत निनावी क्लासला तात्पुरतं नाव देता येतं, खरं नाव लागेपर्यंत हाक मारायला. अट अशी, की ते खऱ्या नावासारखं दिसता कामा नये. म्हणून ते मराठीतही चालतं. मी आधी लातूरचा क्लास घेऊन बघितला. त्याने नकार दिला: कायमचं नाव बदलता येत नाही. मग एक नवा निनावी क्लास केला आणि त्याला भावाची घरातली हाक दिली. त्याने ती घेतली. पडद्यावर ते नाव दिसलं. मी थोडा वेळ बघत बसले आणि पडद्यावरची ती खिडकी बंद केली. बंद केल्यावर त्यातलं काहीच राहत नाही.

गेल्या महिन्यात मी सरांना फोन केला. विचारलं, "नाव नसलं की यादी का थांबते, सांगा बरं. तुमचाच प्रोग्राम आहे ना?"

"ते होय? चूक राहिली असेल ताई. काढून टाकायला सांगितलंय."

आणि फोन ठेवला. त्यानंतर उचलत नाहीत. प्राध्यापक म्हणतात, आता सोडून दे. मी काय सोडू?

सर, तो नियम काढायच्या आधी त्याच घरी, त्याच दोघांसमोर या आणि एवढं सांगा, की ती चूक कुणाची. तुमची असेल तर का केलीत ते सांगा. माझी असेल, तर प्रोग्रामही माझा आहे. दोन्हीपैकी एक तुम्हाला बोलावंच लागेल. कधी येताय?